दुर्बीण नाही, मग 50 मीटरवर नेम लागतो कसा?

1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये, फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक घेतलं. 1952 मध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलेल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. त्या दुपारी घरोघरी टीव्ही लागले आणि नेमबाजीशी कधी संबंध न आलेल्या माणसांना एकाच वेळी बरेच प्रश्न पडले. ही रायफल आहे की लोखंडी सांगाडा? दस्त्याच्या मागे तो वाकडा आकडा कशाला? एका डोळ्यापुढे पट्टी का? एवढ्या उन्हाळ्यात ते जाडजूड जाकीट कसलं? आणि मुख्य म्हणजे, दुर्बीण कुठे आहे?

दुर्बीण नाहीच. नियमानेच ती लावता येत नाही. उघड्या डोळ्याने 50 मीटरवरच्या एक सेंटिमीटरच्या गोलात गोळी घालायची, आणि तीही गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून, अशा तीन अवस्थांत. रायफलवरचा प्रत्येक स्क्रू आणि अंगावरचा प्रत्येक पट्टा त्यासाठीच असतो. त्यातली गंमत अशी की बहुतेक सामान नेम धरायला मदत करत नाही, माणसाच्या अंगाचं हलणं कमी करतं.

आकड्यांत सांगायचं तर

लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळी 5.6 मिलिमीटर जाडीची, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेल्या पॉइंट टू-टू बोअरची. गोळीची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात. हिशोब केला तर गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून 8 मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालतं.

आता रायफलच्या बाजूने बघू. डोळ्याजवळची मागची साइट आणि नळीच्या टोकाजवळची पुढची साइट यांच्यात समजा 80 सेंटिमीटर अंतर आहे. या 80 सेंटिमीटरमध्ये झालेली चूक 50 मीटरवर साठ पटींहून जास्त वाढते. म्हणजे दोन्ही साइट एकमेकींशी जेमतेम 0.13 मिलिमीटरने चुकल्या की दहाचे नऊ होतात. हातात सहा-सात किलोचं ओझं आहे (नियमाने 8 किलोपर्यंत चालतं), छातीत हृदय धडधडतंय, श्वास चालू आहे. अशा परिस्थितीत एवढी सूक्ष्म जुळणी स्नायूंच्या जोरावर टिकवणं कोणालाच शक्य नाही. म्हणूनच स्नायूंवर भार न टाकण्याची युक्ती शोधावी लागते.

एक गोळी भरा, एक झाडा

ही रायफल आपोआप गोळ्या भरते, हा गैरसमज इथे दूर करायला हवा. सिनेमात आणि बातम्यांत दिसणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये एक गोळी सुटली की तिच्याच दाबाने बोल्ट मागे ढकलला जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना बोल्ट मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत सारतो. चाप मात्र प्रत्येक गोळीसाठी नव्याने दाबावा लागतो, म्हणून ती ‘सेमी’. ऑलिंपिकच्या रायफलमध्ये यातलं काहीही नसतं. मॅगझिन नाही, आपोआप भरणं नाही. नेमबाज प्रत्येक काडतूस बोटांनी उचलून नळीच्या मागच्या तोंडाशी ठेवतो आणि बोल्ट स्वतः बंद करतो.

नियमच तसा आहे, पण त्यामागे अडाणीपणा नाही. टू-टूची गोळी मऊ शिशाची असते. मॅगझिनमधून वर येताना ती कुठेतरी घासली, तिला किंचित ओरखडा आला, तरी 50 मीटरवर तो दिसतो. हाताने भरलेली गोळी सरळ जाते. शिवाय नेमबाजाला वेगाची घाईही नसते. पात्रता फेरीत 60 गोळ्यांना दीड तास मिळतो.

हाडांवर भार

डोक्यावर भरलेली घागर घेऊन बाई गप्पा मारत अर्धा मैल चालते. तीच घागर हातात लोंबकळत धरली तर पन्नास पावलांत हात भरून येतो. डोक्यावरचं वजन मणक्यातून, कंबरेतून थेट जमिनीत उतरतं, हातातलं वजन मात्र स्नायूंना सतत ओढून धरावं लागतं. ओढून धरलेला स्नायू थरथरतो. नेमबाजीचं पहिलं सूत्र हेच की रायफलचं वजन हाडांमधून जमिनीकडे गेलं पाहिजे.

उभ्या अवस्थेत उजव्या हाताचा नेमबाज डावा खांदा लक्ष्याकडे करतो, कंबर थोडी लक्ष्याच्या दिशेने ढकलतो, पाठ मागे झुकवतो आणि डावं कोपर बरगड्यांवर किंवा कंबरेच्या हाडावर टेकवतो. रायफलच्या खाली तळहात, तळहाताखाली उभा हात, त्याच्याखाली कंबर, कंबरेखाली पाय. या रांगेत स्नायूला फारसं काम उरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा माणूस पाठ मोडल्यासारखा उभा दिसतो, पण त्याला स्वतःला त्यात आराम वाटत असतो.

गुडघ्यावर बसताना उजव्या पायाच्या घोट्याखाली एक छोटी गोल उशी ठेवतात, तिला नीलिंग रोल म्हणतात. नेमबाज टाचेवर बसतो, डावं कोपर डाव्या गुडघ्यावर येतं. झोपून मारताना दोन्ही कोपरं जमिनीवर असतात, पण डावा हात फार आडवा ठेवून चालत नाही. मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागाने जमिनीशी किमान 30 अंशांचा कोन करायला हवा, असा नियम आहे.

अंग बसलं की एक साधी पण निर्णायक चाचणी करतात. लक्ष्यावर नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे, अंग सैल सोडायचं आणि डोळे उघडायचे. रायफल जिथे बघत असेल, तिथे तिला स्वतःहून जायचं आहे. ती उजवीकडे गेली असेल तर हाताने डावीकडे ढकलायची नाही. पाऊल सरकवायचं, कोपर सरकवायचं, म्हणजे अख्खं अंग फिरवायचं. हाताने ढकलून आणलेली रायफल चाप दाबताना परत आपल्या जागी पळते. नवीन मुलांचे निम्मे नऊ-आठ इथून येतात, असं मला वाटतं.

दस्ता माणसाच्या मापाचा

दुकानातून आणलेल्या शिकारी बंदुकीचा दस्ता सगळ्यांना सारखाच असतो. स्पर्धेच्या रायफलमध्ये दस्त्याचा प्रत्येक भाग सरकतो, कारण दोन माणसांची मान, खांदा आणि हात कधीच एका मापाचे नसतात. खांद्याला टेकणारी बट प्लेट मागे-पुढे, वर-खाली होते, आणि तिरकीही करता येते. तिच्या खालचा तो आकडा काखेखाली येतो. उभं असताना पुढे जड असलेली रायफल वाकू नये आणि दस्ता खांद्यावरून घसरू नये, एवढंच त्याचं काम.

गालाखालची चीकपीस मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डोकं तिच्यावर निवांत सोडून दिलं की डोळा नेमका मागच्या साइटच्या छिद्रामागे यायला हवा. ती दोन मिलिमीटर खाली असली तर मान ताणून डोळा वर न्यावा लागतो. तासाभराने मान दुखते, नंतर नजर धूसर होते, आणि नेमबाज म्हणतो, ‘आज टार्गेट दिसतच नव्हतं’. खरा दोष चीकपीसचा असतो.

तिन्ही अवस्थांत हे सगळं वेगवेगळं असतं. झोपून दस्ता लांब लागतो, उभ्याने बट प्लेटची उंची बदलते, हाताला अडवणारा हँडस्टॉप गुडघ्यावर बसताना एका जागी तर झोपताना दुसऱ्या जागी असतो. म्हणून रायफलच्या रेल्सवर मिलिमीटरच्या खुणा असतात आणि जाणत्या नेमबाजाच्या डायरीत प्रत्येक अवस्थेचे आकडे. स्पर्धेत दीड तास चालू असताना तो बॅगेतली ऍलन की काढतो, डायरी न बघता चार गोष्टी ठरलेल्या खुणांवर नेतो आणि पुढच्या अवस्थेत जातो. ही अदलाबदल दीड तासातच बसवायची असते. पट्टीचा नेमबाज सराव करताना गोळ्यांइतकाच हाही सराव करतो.

स्लिंग आणि नाडी

डाव्या दंडाभोवती बांधून पुढे हँडस्टॉपला अडकवलेला पट्टा म्हणजे स्लिंग. गुडघ्यावर आणि झोपून मारताना ती चालते, उभं राहून चालत नाही. ती ताणली की दंड, मनगट आणि रायफल यांचा पक्का त्रिकोण होतो. नळीचं वजन आता पट्ट्यावर येतं आणि डावा हात जवळजवळ रिकामा होतो. हाताची मूठ सैल ठेवूनही रायफल जागेवर राहते, हीच स्लिंग बरोबर बसल्याची खूण.

पण स्लिंगचीही एक खोड आहे. दंडातली मोठी रक्तवाहिनी पट्ट्याखाली दाबली गेली तर हृदयाचा प्रत्येक ठोका थेट रायफलमध्ये उतरतो. साइटमधून बघितलं तर लक्ष्य ठरलेल्या तालात उडताना दिसतं. उपाय म्हणजे पट्टा दंडावर वर न्यायचा, खांद्याजवळ, आणि त्याच्याखाली जाकिटाचा व स्वेटरचा जाड थर ठेवायचा. जाकिटाच्या बाहीवर पट्टा घसरू नये म्हणून बटण किंवा हूक असतो.

जाकीट आणि पँट ताठ असतात, कारण उभ्या अवस्थेत मागे झुकलेल्या पाठीला ती आधार देतात. आता हा आधार किती घ्यायचा, यावर नेमबाजीच्या जागतिक संघटनेने नियम बांधले आहेत. जाकिटाच्या कापडाची जाडी 2.5 मिलिमीटरच्या पुढे नको, ताठपणा यंत्राने मोजतात, बुटांचा तळवाही किती वाकतो ते बघतात. पूर्वी ताठ पँटमुळे नेमबाज पेंग्विनसारखे डुलत चालत. आता नियमच आहे की रेंजवर टाच-बोट अशी सरळ चाल चालायची. पँट वाकते हे दाखवण्यासाठी! पाळलं नाही तर आधी ताकीद मिळते, मग गुण कापतात. मला हा नियम फार आवडतो, कारण तो मोजपट्टीशिवाय काम करतो.

चौकट: रायफल अंगावर बसवण्याचा क्रम
आधी अंगाची अवस्था ठरवा, रायफल बाजूला ठेवून. मग बट प्लेट आणि चीकपीस अशी लावा की मान सरळ राहील आणि डोळा साइटमागे येईल. मग हँडस्टॉप आणि स्लिंग. डोळे मिटून नैसर्गिक नेम तपासा. त्यानंतरच साइटला हात लावा. बरेचजण हा क्रम उलटा करतात आणि साइटच्या क्लिकने अंगाची चूक झाकत बसतात.

छिद्रातून दिसणारं गोल

आता सुरुवातीचा प्रश्न. दुर्बीण नसताना नेम कसा धरतात? मागच्या साइटला डायॉप्टर म्हणतात. तिच्यात साधारण एक मिलिमीटरचं छिद्र असतं. चष्मा लावणाऱ्यांनी एक प्रयोग करून बघावा. चष्मा काढा, मुठीत अगदी बारीक फट ठेवा आणि तिच्यातून दूरची पाटी वाचा. ती पहिल्यापेक्षा स्पष्ट दिसते. बारीक छिद्रातून येणारे किरण डोळ्यात कमी पसरतात, म्हणून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी रेखीव होतं. त्यामुळे नळीच्या टोकाजवळची साइट आणि 50 मीटरवरचं काळं वर्तुळ दोन्ही एकाच वेळी दिसतात.

त्या पुढच्या साइटमध्ये एक गोल रिंग असते. काम एवढंच उरतं की छिद्राच्या मधोमध रिंग, रिंगच्या मधोमध काळं वर्तुळ. गोलात गोल मधोमध बसवणं माणसाच्या डोळ्याला सहज जमतं. त्यासाठी रिंग थोडी सैल हवी. काळ्या वर्तुळाभोवती पांढऱ्या प्रकाशाची कड स्पष्ट दिसली पाहिजे. फार घट्ट रिंग घेतली तर डोळ्याला प्रत्येक हलणं दिसतं, नेमबाज चापावर बोट ठेवून थांबून राहतो आणि क्षण निघून जातो.

दुसऱ्या डोळ्यापुढची पट्टी त्या डोळ्याला झाकते, मिटवत नाही. डोळा मिटला की चेहऱ्याचे स्नायू आवळले जातात आणि नेम धरणारा डोळाही थकतो. पट्टी लावली की दोन्ही डोळे उघडे, चेहरा सैल.

रायफल तिरकी धरण्याची चूक मात्र डोळ्याला लवकर कळत नाही. 50 मीटरपर्यंतच्या प्रवासात गोळी गुरुत्वाकर्षणाने सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते, म्हणून नळी मुळातच थोडी वर बघते. रायफल डावीकडे पाच अंश कलली तर तो वरचा झुकाव थोडा बाजूला वळतो आणि गोळी एक सेंटिमीटरभर डावीकडे लागते. तिरकी धरली म्हणून बिघडत नाही, बरेच नेमबाज मुद्दाम थोडी कलती धरतात. दर वेळी तेवढीच कलती धरली पाहिजे.

चाप, काडतूस आणि वारा

चापाचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात. बहुतेक चाप दोन टप्प्यांचे असतात. पहिला टप्पा सहज सरकतो, दुसऱ्याला बोट टेकलं की थोडं थांबायचं, आणि नेम जमला की बोट न हलवल्यासारखं दाबायचं. गोळी सुटल्यावर ती नळीतच दोन-तीन हजारांश सेकंद असते. तेवढ्यात रायफल हलली तर नेमही हलतो. म्हणून गोळी लागल्यानंतरही नेमबाज सेकंदभर तसाच राहतो. याला फॉलो-थ्रू म्हणतात.

काडतुसांचं प्रकरण बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. एकाच कंपनीची, एकाच नावाची, पण वेगळ्या बॅचची काडतुसं एका नळीतून जवळजवळ एकाच छिद्रात जातात, दुसऱ्या नळीतून पसरतात. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल इंग्लंडमधल्या ईलीसारख्या कारखान्यांच्या चाचणी-रेंजवर नेतात. तिथे नळी शिकंज्यात घट्ट धरून वेगवेगळ्या बॅच मारून बघतात आणि जी नळीला मानवली ती विकत घेतात. नळी चांगली आणि काडतूस तिला नावडतं, तर पैसे वाया जातात.

या काडतुसाचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाहून कमी, सेकंदाला साधारण 320-330 मीटर ठेवलेला असतो. जास्त वेग असता तर वाऱ्याने कमी सरकली असती असं वाटेल. प्रत्यक्षात उलटं होतं. आवाजाच्या वेगाहून जास्त वेगाने निघालेली गोळी हवेच्या विरोधाने झपाट्याने मंदावते, आणि जेवढा वेग वाटेत गमावते तेवढा वारा तिला जास्त ढकलतो. तरीही ताशी 10 किलोमीटरचा आडवा वारा पुरेसा असतो. तो गोळीला एक सेंटिमीटरहून जास्त बाजूला नेतो, म्हणजे दहाच्या बाहेर. नेमबाज रेंजवरच्या वाऱ्याच्या झेंड्यांकडे बघतो, वारा पहिल्यासारखा झाला तर मारतो, नाहीतर डायॉप्टर एक-दोन क्लिक फिरवतो. बऱ्याच साइटमध्ये एक क्लिक म्हणजे 50 मीटरवर अडीच-तीन मिलिमीटर.

अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त 10.9. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निलने अंतिम फेरीत 44 गोळ्यांत 451.4 गुण मिळवले. म्हणजे गोळीमागे सरासरी 10.2 च्या पुढे. त्याची प्रशिक्षक दीपाली देशपांडे, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमधली नेमबाज. महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली.

मुलीला किंवा मुलाला घेऊन क्लबमध्ये जाणाऱ्या पालकांना एकच सांगणं. पहिली रायफल विकत घेण्याची घाई करू नका. टू-टूला परवाना लागतो आणि चांगली परदेशी रायफल काही लाखांत जाते. 10 मीटर एअर रायफलपासून सुरुवात करा, तीही क्लबचीच. पहिला खर्च अंगाच्या मापाच्या जाकिटावर आणि बुटांवर करा. क्लबमध्ये नाव घालताना प्रशिक्षकाला एक प्रश्न जरूर विचारा, की गोळी न भरता नुसतं अंग बसवायला ते किती दिवस देतात. ‘पहिल्याच दिवशी फायर करू’ असं उत्तर आलं, तर दुसरा क्लब बघा.